बोलता बोलता पळणारा अकरा नंबर

फुटबॉलमध्ये गोलकीपर आपल्यापासून लांब असतो, गोल मारणारा त्याहून लांब. विंगर मात्र चुन्याच्या रेषेला चिकटून, म्हणजे जवळजवळ आपल्या शेजारीच. भांडुपच्या आमच्या मैदानावर डाव्या रेषेपाशी उभं राहिलं की आमच्या टीमचा अकरा नंबर हाताच्या अंतरावर असायचा, आणि मॅच चालू असताना हा प्राणी आमच्याशी गप्पा मारायचा! "काय गं, तुझ्या आईच्या शुगरचं काय झालं?" असं विचारायचा. मी सांगायला लागले की नेमका मागून बॉल यायचा. "एक मिनिट हां," म्हणायचा आणि गेला. दोघांना गुंडाळून, कॉर्नरच्या झेंड्यापाशी जाऊन गोलसमोर क्रॉस टाकायचा आणि धापा टाकत परत यायचा. "हां, मग? गोळ्या बदलल्या का डॉक्टरांनी?"

आता हे सांगितलं तर कुणाचा विश्वास बसत नाही. मैदानाच्या शेजारून आता मेट्रोचे खांब गेलेत. परदेशी क्लबांच्या जर्श्या घातलेली नवी मुलं रविवारी खेळतात आणि आम्ही तिघं अजून जाऊन बसतो. एक मी. पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते आणि घरी लोकांचं रक्त पिते, असं माझा नवरा म्हणतो. दुसरा माझा मोठा भाऊ बाबल्या, त्याची रिक्षा आहे. तिसरी पारूमावशी, खाडीकडच्या जुन्या गावठाणातली कोळीण. मैदानाच्या भिंतीपलीकडे तिची मासळी विकायची जागा. ही नवी मुलं चांगली खेळतात, नाही म्हणत नाही. पण एकजण तोंड उघडेल तर शपथ! सगळे कसे परीक्षेला बसल्यासारखे.

आम्ही त्याला नावाने कधी हाक मारलीच नाही. 'अकरा' म्हणायचो. आमच्याच चाळीत, शेजारच्या खोलीत राहायचा. शेवटी शेवटी त्याची आईसुद्धा गॅलरीत उभी राहून विचारायची, "अकरा खंय गेलो गो?"

हाफटाइमला बाकीचे केळी खायचे, ग्लुकोजचं पाणी प्यायचे. हा घरून सोलकढीची बाटली आणायचा. कोच कपाळावर हात मारून घ्यायचा. "अरे, पोटात खळखळेल ती!" हा म्हणायचा, "खळखळू दे सर, मला अडवणारा बॅक घाबरेल." गोल झाला की सगळी टीम एकमेकांच्या अंगावर पडायची, हा लांबच. आणि गोल मारणाऱ्यालाच झापायचा, "इतका सोपा दिला होता रे, तरी डोळे मिटून मारलास!" घाई करणारा माणूस त्याला बघवायचा नाही. आम्ही वडापावच्या गाडीवर पुढे घुसायला लागलो की म्हणायचा, "वडा कुठे पळून चाललाय का?"

विंगरच्या चाहत्यांना एक काम जास्तीचं असतं, ते बाकीच्यांना कळायचं नाही. हाफटाइमनंतर टीम बाजू बदलतात, म्हणजे आपला डावा विंगर मैदानाच्या पलीकडच्या रेषेला जातो. मग आम्हीही जायचो. मी, बाबल्या आणि डोक्यावर स्टूल घेतलेली पारूमावशी, अशी आमची वरात मैदानाच्या मधूनच निघायची. रेफरी शिट्ट्या मारायचा. मावशी त्याला म्हणायची, "वाजव रं वाजव, तुला दुसरं काम काय?"

त्याची एक सवय मात्र माझ्या डोक्यात जायची. मॅच संपली की ज्या बॅकला त्याने दोन तास नाचवलं, त्यालाच घेऊन हा चहाला बसायचा आणि आपल्याला कसं अडवायचं ते शिकवायचा! एकदा मानखुर्दची टीम आली होती. त्यांचा दोन नंबर म्हणजे उंच, काळासावळा, गरीब तोंडाचा पोरगा. अकराने त्याची पार वाट लावली. मॅचनंतर बघते तर दोघं चहाच्या टपरीवर, आणि हा सांगतोय, "तू माझ्या पायाकडे बघतोस, तिथंच फसतोस. पाय खोटं बोलतात. माणूस पळणार असेल तर आधी कंबर हलते. कमरेकडे बघ." मी तिथंच भांडले. म्हटलं, अरे शहाण्या, पुढच्या वर्षी हा तुला अडवेल तेव्हा? तो म्हणाला, "मग मला नवीन काहीतरी शोधावं लागेल. नाहीतर मजा काय?" अशा माणसाशी काय बोलणार? दोन नंबर बिचारा मान डोलवत होता, आणि चहाचे पैसे द्यायची त्याची धडपड चालली होती.

त्याच्या घरी मात्र फुटबॉलची मजाबिजा कुणाला नव्हती. त्याचे वडील, आम्ही त्यांना बापू म्हणायचो, गिरणीत कामाला होते. कितीतरी वर्षं बदली कामगार. म्हणजे रोज सकाळी गिरणीच्या दारात जाऊन उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर आत घेणार, नाहीतर चला परत. असं करत करत एकदाचे कायम झाले, आणि थोड्याच दिवसांत गिरणीला टाळं लागलं. त्यानंतर त्यांनी भांडुप-मुलुंडच्या सोसायट्यांमध्ये वॉचमनगिरी केली, तीही कुणीतरी सुट्टीवर गेला की. त्यामुळे 'कायम' या शब्दापुढे बापूंना देवसुद्धा लहान होता.

मुलगा एका ऑफिसात खेळाडू म्हणून लागला होता. त्यांच्या टीमकडून खेळायचं, उरलेला वेळ टेबलावर बसायचं. पण तोही अजून कायम झाला नव्हता. तो संध्याकाळी चप्पल काढतोय न काढतोय तोच बापू खाटेवरून विचारायचे, "कायम केल्यांनी?" हा म्हणायचा, "नाय अजून." रोज. पाणीसुद्धा नंतर. आमच्या चाळीत भिंती कसल्या, नावालाच. आम्हालाही ते प्रश्नोत्तर पाठ झालं होतं.

ऑफिसची अट होती, बाहेर दुसऱ्या कुणाकडून खेळायचं नाही. पण आमच्या मंडळाच्या स्पर्धेत तो गुपचूप खेळायचा. "घरच्या मैदानावर खेळणं म्हणजे बाहेर कसं?" असा त्याचा हिशोब.

आणि तिथंच घात झाला. बाबल्या रेषेपाशी उभा राहून त्याला रिक्षाच्या परमिटची कटकट सांगत होता. बॉल आला, हा "एक मिनिट हां" म्हणून गेला. कुणी धक्का दिला नाही, कुणी पाय घातला नाही. वळायला गेला, बूट मातीत रुतला, अंग फिरलं आणि गुडघा होता तिथंच राहिला. आवाज मला ऐकू आला. मी धावत गेले तर हा आडवा पडलेला, चेहरा पांढराफटक, आणि बाबल्याला विचारतोय, "हां, परमिटचं काय म्हणत होतास?"  

डॉक्टरांनी लिगामेंट तुटल्याचं सांगितलं. ऑपरेशन करावं लागेल, मग पुढचं पुढे बघू, म्हणाले. आम्ही तिघांनी ते 'बघू' घट्ट धरून ठेवलं. डॉक्टर 'बघू' म्हणाले म्हणजे होणारच, असं एकमेकांना सांगत राहिलो. पारूमावशीने एकवीरेला नवस बोलला. अकरा आमच्या तोंडाकडे बघायचा आणि म्हणायचा, "होणार ना. का नाही होणार?" पुढे तो डॉक्टरांकडे एकटाच गेला, आणि काय म्हणाले ते विचारायचं आम्हाला सुचलंही नाही.

ऑफिसात सांगायची तर सोयच नव्हती. बाहेर खेळताना पाय गेला म्हटल्यावर कायम कसला करतायत, हातात नारळ दिला असता. त्यात त्या मोसमात ऑफिसच्या टीमकडून त्याची एक तरी पूर्ण मॅच व्हायला हवी होती. खेळाडू म्हणून घेतलेला माणूस मैदानावर दिसलाच नाही तर त्याला ठेवायचा कशाला, हे त्यांचंही बरोबरच. गावाला गेलो, ताप आला, असं करत त्याने दिवस ढकलले. शेवटी एकच मॅच उरली. घाटकोपरच्या मैदानावर, बुधवारी दुपारी.

मंगळवारी संध्याकाळी तो भिंतीला धरून धरून आमच्याकडे आला. माझ्या हातचे पोहे खाल्ले, मीठ कमी आहे म्हणाला आणि मग म्हणाला, "उद्या तिघांनी यायचं. मला पळता येणार नाही. पण मी बोलायला लागलो की पळणार, हे सगळ्या टीमना माहितीये. तुम्ही मला नुसतं बोलत ठेवा. दोघंजण तरी माझ्या अंगाला चिकटतील. उजवी बाजू मोकळी मिळेल. कॅप्टनला सांगून ठेवलंय."

"आणि पकडला गेलास तर?" मी विचारलं.

तो ताटलीतले दाणे वेचत बसला. मग भिंतीकडे बोट दाखवून हळूच म्हणाला, "तर त्यांना काय सांगू?" भिंतीपलीकडे बापू खोकत होते.

मी त्याच्या ताटलीत आणखी पोहे वाढले. म्हटलं, "पोहे खा गप. येतो आम्ही."

मी लॅबमध्ये मावससासू वारल्याचं सांगितलं. ती बाई आजही ठणठणीत आहे. बाबल्याने रिक्षा बंद ठेवली. पारूमावशीने तर कमाल केली. बुधवार म्हणजे मासळीच्या धंद्याचा दिवस, पण जावेला टोपल्यांपाशी बसवून स्टूल घेऊन निघाली. ऑफिसच्या मॅचला कुत्रं फिरकत नाही. तिकडे एका बाजूला छोटा मांडव, त्यात अकराचे साहेब काळा चष्मा लावून बसलेले. त्यांच्याच हातात सगळं. आणि समोरच्या टीमकडे पाहिलं तर कोण असावा? मानखुर्दचा तो पोरगा, आता चांगला भरलेला, पाठीवर दोन नंबर. तोही कुठल्या तरी ऑफिसात लागलेला. ज्याला कमरेकडे बघायला आमच्याच गाढवाने शिकवलं होतं!

पहिला हाफ आमच्या बाजूला होता. मांडव पलीकडे, त्यामुळे जरा निवांत. मोजा वर ओढून, त्याखाली गुडघ्याला पट्टा बांधून अकरा रेषेवर उभा राहिला आणि आम्ही सुरू झालो.

"काय रे अकरा, पापलेट काय भावाने मिळालं असेल आज?" बाबल्याने विचारलं.

"पापलेट खाणाऱ्यातले आम्ही नव्हे. बांगडा बोल, बांगडा."

"बांगडा नाय चांगला आज," मावशी म्हणाली. "बोंबील घेऊन जा."

आणि मी मध्ये मध्ये किंचाळायची, "आता बघा हां! आता हा जाणार! धरा त्याला!" माझा आवाज पोचतो चांगला. त्यांचे दोघे धावत येऊन त्याला चिकटले. अकरा हसत हसत त्यांनाही गप्पांत ओढायचा. उजवीकडे रान मोकळं. तिकडून आमच्या लोकांनी एक गोल मारलासुद्धा.

हाफटाइमला आमची वरात मैदानातून पलीकडे निघाली. आता मांडव आमच्या पाठीशी होता. म्हणजे अकराला उरलेली सगळी मॅच साहेबांच्या डोळ्यांसमोर नुसतं उभं राहायचं होतं. रोज घाबरलेल्या माणसांना सुया टोचते मी, घाबरलेला माणूस मला लांबून कळतो. अकरा बोलत होता, पण मुठी आवळलेल्या होत्या.

थोड्या वेळाने दोन नंबर गप्प झाला. तो बॉलकडे बघत नव्हता. अकराच्या कमरेकडे बघत होता. बघता बघता त्याने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं होतं! तिकडून त्यांचा कॅप्टन बोंबलत होता, "ए, सोड त्याला, वर ये! एक गोल फेडायचाय आपल्याला!"

मी मनात म्हटलं, संपलं. आता हा जाणार, अकरा एकटा उभा दिसणार, आणि पाठीमागच्या काळ्या चष्म्याला सगळं समजणार.

दोन नंबरने तिथूनच ओरडून सांगितलं, "नाय सोडत! हा कधी सुटेल, भरवसा नाय!" वर हात करून त्याने दुसऱ्यालाही परत बोलावून घेतलं.

आणि मग एकदाच बॉल अकराकडे आला. बाबल्याशी बोलत होता तो. सवयीने त्याच्या तोंडून "एक मिनिट हां" निघून गेलं आणि तो दोन पावलं पळालासुद्धा. तिसऱ्या पावलाला गुडघा लचकला. माझ्या तोंडून "आई गं!" निघालं. पण त्याच्याआधी दोन नंबर धावत आला आणि त्याने अकराच्या पायातला बॉल असा काही घाबराघुबरा होऊन मैदानाबाहेर भिरकावला की बघणाऱ्याला वाटावं, साक्षात वाघ अंगावर आलाय. मांडवात साहेबांनी टाळी वाजवली. "बघा," शेजारच्याला म्हणाले, "किती टरकतात आपल्या पोराला!"

आम्ही एका गोलने जिंकलो. साहेबांनी अकराला बोलावलं. चष्मा वर केला. "आज पळाला नाहीस फारसा."

"गरज नाही पडली, साहेब."

साहेब खो खो हसले. पाठीवर थाप मारून म्हणाले, "करतो रे तुझं काम."

नळावर दोन नंबर तोंड धूत होता. त्याचा कॅप्टन त्याला आईबहिणीवरून सुनावून नुकताच गेला होता. अकरा लंगडत त्याच्यापाशी गेला. "कधी कळलं?"

"हाफनंतर लगेच. कंबर झोपली होती तुझी. आणि डोळे सारखे साहेबांच्या मांडवाकडे."

"मग सोडलं का नाहीस?"

त्याने ओल्या हातांनी केस मागे सारले. "मी पण अजून टेम्पररीच आहे रे," म्हणाला.

अकरा त्याच्या खांद्यावर हात ठेवून नुसता उभा राहिला. मग चहाला चल म्हणून आग्रह करत होता, पण दोन नंबरच्या टीमची गाडी सुटायला आली होती, तो पिशवी उचलून पळाला.

आम्ही स्टेशनाजवळच्या एका हॉटेलात मिसळ खायला बसलो. बाबल्या नुसता उधळला होता. "पुढच्या मोसमात बघा! ऑपरेशन होऊ दे, याच दोन नंबरला खराखुरा नाचव, भाई!"

अकरा पाव मोडत होता. "पुढचा मोसम नाही रे," तो म्हणाला. "डॉक्टरांनी मागेच सांगितलंय. ऑपरेशन चालण्यापुरतं. खेळ बंद. ही शेवटची होती."

मला रागच आला. डोळ्यांत पाणी होतं आणि राग आला. "शेवटची होती आणि आम्हाला आत्ता सांगतोस? बांगडा नि बोंबील करत बसलो आम्ही! आधी सांगितलं असतंस तर नीट डोळे भरून बघितलं तरी असतं तुला!"

"म्हणून तर नाही सांगितलं," तो म्हणाला. "डोळे भरून बघत बसला असतात. मग ओरडलं कोण असतं?"

पारूमावशी पदराने नाक पुसत उठली आणि त्याच्यासाठी आणखी एक पाव घेऊन आली.

कायम झाल्याची ऑर्डर महिनाभराने आली. मी कामावरून येत होते, तर तो जिन्यात भेटला. मलाही घरी घेऊन गेला. बापू खाटेवर बसले होते. त्यांना आम्ही एवढंच सांगितलं होतं, की पाय मुरगळलाय, होईल बरा.

"कायम केल्यांनी?" बापूंनी विचारलं.

"होय, बापू. कायम झालंय."

बापूंना आधी ऐकू गेलं नाही असं वाटलं. मग ते उठले, देवापुढे गेले, परत आले, पुन्हा बसले. त्याची आई डोळे पुसायला लागली. बापूंनी त्याचा हात धरून त्याला शेजारी बसवलं आणि त्याच दुखऱ्या गुडघ्यावर जोरात थाप मारली. इतक्या वर्षांत त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहत होते.

"आता पाय मोडलो तरी चलात रे, झिला," बापू म्हणाले.

"होय," तो म्हणाला, "आता चलात."